घराचं नूतनीकरण : कोटेशनमधला ‘बेसिक रेट’ आणि फिटिंगचं बजेट

मागच्या व्याख्यानात आपण सोसायटीची परवानगी, राडारोडा उचलण्याची जबाबदारी आणि कोणत्या भिंतीला हात लावायचा नाही, हे पाहिलं. आज पैशांचं बोलू. पण अख्ख्या खर्चाचं नाही. खर्चाचा जो भाग जवळजवळ प्रत्येक घरात अंदाजाबाहेर जातो, फक्त त्याचंच. तो भाग म्हणजे टाइल, नळ, कमोड, बेसिन, स्विच, दिवे, म्हणजे घर बघायला आलेल्या पाहुण्याला जे दिसतं ते.

गंमत अशी, की तोडफोड, प्लंबिंग, वायरिंग ही कठीण वाटणारी कामं बहुतेक वेळा ठरलेल्या रकमेच्या आसपास होतात. बजेट फुटतं ते दुकानात जाऊन पसंत करायच्या वस्तूंवर. त्याचं कारण कोटेशनच्या कागदावरच लिहिलेलं असतं. फक्त ते बारीक अक्षरात असतं आणि कंत्राटदारांच्या भाषेत असतं. ती भाषा आज समजून घेऊ.

एका कागदावर तीन प्रकारच्या रकमा

कोणतंही कोटेशन हातात घेतलं, की आम्ही आधी तीन रंगांची पेनं घेतो. कारण त्यातल्या सगळ्या रकमा एका जातीच्या नसतात.

पहिली जात ठरलेल्या रकमेची. ‘जुनी टाइल तोडणे, इतके चौरस फूट, इतका दर.’ काम मोजता येतं, दर ठरलेला आहे. यात वाद झाला तर मापावरून होतो, आणि माप टेप लावून मिटवता येतं.

दुसरी जात अंदाजी रकमेची. ‘बाथरूमच्या भिंतींना टाइल, बेसिक रेट ४५ रुपये.’ ‘सॅनिटरी आणि सीपी फिटिंग, दोन बाथरूम मिळून ४०,००० रुपये.’ बेसिक रेट म्हणजे काय? तर कंत्राटदाराने टाइलच्या किमतीपोटी चौरस फुटाला ४५ रुपये धरलेत. तुम्ही ८० रुपयांची टाइल निवडलीत, तर वरचे ३५ तुमचे. ४५ रुपयांत टाइल आणून देतो, असं तो सांगत नाहीये. ४५ च्या पुढे तुमचं तुम्ही बघा, असं सांगतोय. एकाच ओळीचे हे दोन अर्थ, आणि बहुतेक घरांत पहिला अर्थ घेतला जातो.

तिसरी जात कागदावर नसलेल्या रकमेची. ‘गीझर, पंखे, दिवे, चिमणी, आरसे : पार्टीकडून.’ पार्टी म्हणजे आपण. काही कोटेशनमध्ये ही ओळसुद्धा नसते. मग वायरिंग झाल्यावर कळतं, की पॉइंट दिलेत, पण पॉइंटला लावायचा पंखा आपण आणायचाय.

घरी गेल्यावर आपल्या कोटेशनवर तीन रंगांच्या खुणा करा. दुसऱ्या आणि तिसऱ्या रंगाची ठिकाणं जितकी जास्त, तितकी खालची एकूण रक्कम कच्ची.

स्वस्त कोटेशन खरंच स्वस्त असतं का?

आपण तीन कोटेशनं मागवतो, शेवटच्या पानावरची रक्कम बघतो आणि कमी असेल त्याला काम देतो. कंत्राटदारालाही हे माहीत असतं. मजुरीचा दर तो फार खाली आणू शकत नाही, सिमेंट-वाळू सगळ्यांना सारख्याच भावात मिळते. पण बेसिक रेट ६० ऐवजी ४० लिहायला त्याला एक पैसाही लागत नाही. याला लबाडी म्हणून सोडून देऊ नका. आपण ज्या पद्धतीने निवड करतो, त्या पद्धतीला त्याने दिलेलं हे उत्तर आहे. प्रामाणिक कंत्राटदार वास्तव रक्कम धरतो आणि आपण त्यालाच महाग म्हणून नाकारतो.

उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावात दर वेगळे असतील.

पहिल्याचं कोटेशन ६,८०,००० रुपयांचं, त्यातल्या अंदाजी रकमा १,१०,००० च्या. दुसऱ्याचं ७,३०,००० चं, त्यात अंदाजी रकमा १,९०,००० च्या. वरवर पाहता पहिला ५०,००० नी स्वस्त. आता दोघांच्याही अंदाजी रकमा बाजूला काढा. पहिल्याकडे उरतात ५,७०,०००, दुसऱ्याकडे ५,४०,०००. म्हणजे जे काम हे दोघं खरोखर आपल्या हाताने करणार आहेत, त्यासाठी दुसरा ३०,००० नी स्वस्त आहे! टाइल आणि नळ तर तुम्ही त्याच दुकानातून, त्याच भावाने घेणार आहात.

म्हणून नियम असा : अंदाजी रकमा काढून टाका आणि मग तुलना करा. किंवा तिघांनाही सांगा, ‘बाथरूम टाइल ८० धरा, फ्लोअरिंग ९५ धरा, फिटिंग इतक्याचं धरा, आणि पुन्हा कोटेशन द्या.’ सगळ्यांना एकच आकडा दिला, की तुलना सरळ होते.

एका बाथरूमचा हिशोब करून बघू

‘सॅनिटरी आणि सीपी फिटिंग’ ही ओळ नेहमी एकरकमी असते, म्हणून ती सुटी करू. सीपी म्हणजे क्रोम प्लेटेड, आपले चकचकीत नळ. मध्यम प्रतीच्या वस्तू धरून एका बाथरूमची यादी अशी होईल :

• कमोड, टाकी आणि सीट कव्हरसह : ११,०००
• वॉश बेसिन : ३,०००
• बेसिनचा नळ : २,२००
• डायव्हर्टर, आतली बॉडी आणि बाहेरची प्लेट-मूठ धरून : ६,५००
• शॉवर आणि त्याचा दांडा : २,५००
• बादलीवरचा स्पाउट : १,३००
• हेल्थ फॉसेट : १,२००
• अँगल कॉक ५, प्रत्येकी ७०० : ३,५००
• बॉटल ट्रॅप, वेस्ट कपलिंग, कनेक्शन पाइप, नहाणीची जाळी : २,८००
• टॉवेल रॉड, साबणदाणी, हुक : २,५००
• आरसा : १,५००

बेरीज ३८,०००. दोन बाथरूमचे ७६,०००. कोटेशनमध्ये होते ४०,०००. फरक ३६,००० रुपयांचा, आणि यात कुठेही चैन नाही. गीझर तर अजून आलेलाच नाही.

या यादीत दोन ठिकाणी थांबा. एक, अँगल कॉक. घरातलं कोणीही हा आयटम लक्षात ठेवत नाही. बेसिनला १, फ्लश टाकीला १, हेल्थ फॉसेटला १, गीझरला २, असे पाच झाले. स्वयंपाकघरात सिंक, पाण्याचा फिल्टर आणि वॉशिंग मशीनचे वेगळे. एकेकाची किंमत किरकोळ, पण घरभर मिळून पंधरा-सोळा होतात.

दुसरं, डायव्हर्टर. भिंतीत गाडायची बॉडी आणि बाहेर दिसणारा भाग बऱ्याच कंपन्या वेगवेगळा विकतात. दुकानातल्या पाटीवर एकाचीच किंमत असू शकते. ‘ही किंमत दोन्हींची का?’ हे विचारायचंच. आणि एकदा बॉडी भिंतीत गेली, की बाहेरचा भाग त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला बसणारा घ्यावा लागतो. म्हणून नळांची निवड शेवटी करायची नसते. ती टाइल बसवण्याच्याही आधी, प्लंबर भिंतीला झिरी मारण्यापूर्वी व्हायला हवी.

टाइलचा हिशोब

बाथरूम ४ फूट बाय ७ फूट, टाइल ७ फूट उंचीपर्यंत. चार भिंतींची लांबी मिळून २२ फूट. २२ गुणिले ७, १५४ चौरस फूट. त्यातून दरवाजाचे साधारण १७ वजा, उरले १३७. जमिनीचे २८. एकूण १६५. तुटफूट आणि कटिंगसाठी १० टक्के वाढवले, की १८२ च्या आसपास. दोन बाथरूमचे ३६४.

बेसिक रेट ४५, पसंत पडली ८० ची. फरक ३५ गुणिले ३६४, म्हणजे १२,७४०. हॉल आणि खोल्यांचं फ्लोअरिंग ६०० चौरस फूट, तुटफूट धरून ६६०. बेसिक रेट ६०, पसंती ९५. फरक २३,१००.

इथे जीएसटी येतो. टाइलवर १८ टक्के. कंत्राटदाराचा ६० चा दर करासकट होता आणि दुकानदाराने सांगितलेला ९५ चा दर कर वगळून, असं वारंवार होतं. वरच्या दोन्ही टाइलची दुकानातली किंमत ९१,८२० होते, त्यावरचा कर १६,५२८.

आता बेरीज करा. फिटिंगचे ३६,०००, बाथरूम टाइलचे १२,७४०, फ्लोअरिंगचे २३,१००, कराचे १६,५२८. एकूण ८८,३६८ रुपये. सात लाखांच्या कामात ही साडेबारा टक्क्यांहून जास्त वाढ झाली, आणि कोणी फसवलं नाही, कोणाचा हिशोबही चुकला नाही. फक्त अंदाजी रक्कम आणि आपली पसंती यांची आधी गाठच पडली नव्हती.

आणखी एक. टाइल फुटावर सांगतात, पण विकतात बॉक्सवर. २ बाय ४ फुटांच्या टाइलच्या बॉक्समध्ये साधारण दोन नग, म्हणजे सुमारे साडेपंधरा चौरस फूट. अर्धा बॉक्स मिळत नाही. पुढे एखादी टाइल फोडावी लागली तर त्याच बॅचची मिळणं कठीण, म्हणून एक बॉक्स जास्तीचा घरात ठेवाच.

एक वस्तू बदलली की मागोमाग काय येतं

अंदाजी रकमेत फक्त वस्तूची किंमत असते. पण वस्तू बदलली की काम बदलतं, आणि ते वस्तूच्या बिलावर दिसत नाही.

साध्या टाइलऐवजी मोठी टाइल घेतली, तर ती सिमेंटच्या मालावर नीट बसत नाही, अ‍ॅडहेसिव्ह लागतं. बसवण्याची मजुरी वाढते. कोपऱ्याला ४५ अंशात कटिंग, सांध्यात इपॉक्सी, शिवाय वाहतूक आणि वर चढवण्याची हमाली.

खाली बसणाऱ्या कमोडऐवजी वॉल हंग घेतला, तर भार पेलणारी लोखंडी फ्रेम, भिंतीतली टाकी, ती झाकायला अर्धी भिंत, आणि मैल्याची लाइन जमिनीऐवजी भिंतीत न्यायची. जुन्या इमारतीत ही लाइन हलवणं म्हणजे स्लॅबच्या भरावापर्यंत जाणं. जुनाच प्रकार ठेवणार असाल, तरी भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून दुकानात जा. ते जुळलं नाही तर सुंदर कमोड दारातूनच परत जातो.

मोठा रेन शॉवर घेतला, तर पाण्याचा दाब लागतो. पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची टाकी डोक्यावर तीन मीटर असेल, तर दाब ०.३ बार. महागड्या शॉवरमधून धार पडेल, पाऊस नाही. मग प्रेशर पंप, त्याचा वीजपॉइंट आणि सोसायटीची परवानगी.

म्हणून वस्तू बदलताना कंत्राटदाराला एकच प्रश्न विचारायचा : ‘ही बसवायला वेगळं काय लागेल, आणि त्याचे किती?’ उत्तर लिहून घ्यायचं.

पैसे कमी पडले तर कशावर कात्री?

आता मुद्द्याचं. वाढलेला खर्च कळतो कधी? काम अर्ध्यावर आल्यावर. घर फोडलेलं, सामान भाड्याच्या खोलीत, मागे फिरायची सोय नाही. तेव्हा पैसे वाचवायचे म्हणून जे कापलं जातं, ते नेमकं चुकीचं असतं. टाइल पसंत पडलेली असते, ती कोणी सोडत नाही. मग वॉटरप्रूफिंगचा एक थर कमी होतो, वायर हलकी येते, जुना गंजका जीआय पाइप ‘चालेल अजून’ म्हणून तसाच राहतो. दोन पावसाळ्यांनी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल येते, आणि तीच आवडती टाइल फोडावी लागते.

आमचा नियम सरळ आहे : भिंतीच्या आत जे जाणार, त्याला पैसे आधी. पाइप, वायर, वॉटरप्रूफिंग, डायव्हर्टरची बॉडी. भिंतीच्या बाहेर जे राहणार, ते नंतर पान्याने बदलता येतं. नळ, शॉवर, दिवे, आरसा. साधा शॉवर आज लावा, दिवाळीच्या बोनसवर बदला. वॉटरप्रूफिंग असं बदलता येत नाही. आणि ते झाल्यावर टाइल बसवण्यापूर्वी बाथरूममध्ये पाणी भरून किमान २४ तास ठेवायचं आणि खालच्या घरातलं छत बघून यायचं. या परीक्षेला जवळजवळ काही खर्च नाही.

ज्येष्ठांच्या घरांबद्दल वेगळं सांगायला हवं. एक सत्तरीतलं जोडपं आमच्याकडे कोटेशन तपासायला घेऊन आलं होतं. पैसे निवृत्तीच्या ठेवीतले, आणि काम काढायचं कारण आजींचे गुडघे. दहा पानांच्या कोटेशनमध्ये फॉल्स सीलिंग होतं, टीव्हीमागचं पॅनेल होतं. पण बाथरूममध्ये धरायला दांडा नव्हता. न घसरणाऱ्या टाइलचा उल्लेख नव्हता. कमोडची उंची कोणी विचारली नव्हती. ज्या कारणासाठी घर फोडायचं, तेच यादीत नव्हतं. सीलिंग काढलं, आणि त्या पैशांत या तिन्ही गोष्टी आल्या, शिवाय थोडे उरले. म्हणून यादीची पहिली ओळ अशी लिहा : ‘हे काम आपण कशासाठी काढतोय?’ कात्री लावायची वेळ आली, तर त्या ओळीला हात लावायचा नाही.

सही करण्यापूर्वी

पाच गोष्टी सांगतो, लिहून घ्या.

एक. सही करण्याआधी दुकानात जा. खरेदी करू नका, फक्त खोलीवार यादी देऊन अंदाजपत्रक घ्या. छापील किंमत आणि हातात पडणारी किंमत यांत मोठा फरक असतो, तेव्हा सूट वजा जाता, करासकट आकडा मागा. तोच आकडा कोटेशनमध्ये घालायला सांगा.

दोन. प्रत्येक बेसिक रेटपुढे चार शब्द लिहून घ्या : कर धरून की वगळून, वाहतूक कोणाची, तुटफूट कोणाची, माप बसवलेल्या क्षेत्राचं की आणलेल्या मालाचं.

तीन. फरक दोन्ही बाजूंनी चालला पाहिजे. महाग घेतलं तर आपण वरचे देऊ, तसं स्वस्त घेतलं तर उरलेले आपल्याला परत. हे बहुतेक कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं, पण मागितलं तर बहुतेक जण मान्य करतात.

चार. अंदाजी रकमेच्या वस्तूंचं बिल आपण थेट दुकानात भरा. दुकानदार कंत्राटदाराला काही सूट देत असेल, तर ती कोणाची, हे आधीच बोलून घ्या. कंत्राटदार माल निवडायला येतो, वेळ देतो, त्याचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे. तो उघड असावा, इतकंच.

पाच. अडीअडचणीसाठी वेगळी रक्कम ठेवा. आम्ही साधारण १० टक्के धरतो, इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर १५. ही रक्कम टाइल तोडल्यावर सापडणाऱ्या गोष्टींसाठी आहे, सडलेला पाइप, ओली भिंत, जुनी वायर. दुकानात आवडलेल्या नळासाठी नाही. दोन्ही रकमा एकाच पाकिटात ठेवल्या, की नळ आधी येतो आणि पाइप उघडा पडतो तेव्हा पाकीट रिकामं असतं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : सगळं सामान आपण आणून फक्त लेबर रेटने काम दिलं, तर हा घोळच राहणार नाही ना?

उत्तर : बेसिक रेटचा घोळ राहणार नाही, हे खरं. पण मग सिमेंटच्या गोणीपासून कोपरा-एल्बोपर्यंत रोज कोणीतरी धावायला हवं. माल उशिरा आला तर मिस्त्री बसून राहतो आणि त्याची हजेरी आपण भरतो. शिवाय गळती झाली, की माल वाईट की काम वाईट, हा वाद सुरू. घरात वेळ असणारं कोणी असेल तरच करा. नाहीतर मधला रस्ता बरा : भिंतीच्या आतलं सगळं कंत्राटदाराकडून मालासकट, बाहेरच्या वस्तू आपल्या.

प्रश्न : बिनानावाचे नळ निम्म्या किमतीत मिळतात. घ्यावेत का?

उत्तर : बाहेरचा टॉवेल रॉड घ्या, हरकत नाही. भिंतीत गाडायचं असेल ते नको. त्याचं आतलं कार्ट्रिज पाच वर्षांनी मिळेल का, हा प्रश्न दुकानदाराला विचारा. वायरवर आयएस ६९४ आणि गीझरवर स्टार लेबल बघितल्याशिवाय घेऊ नका. तिथे वाचवलेले पैसे वाचलेले नसतात.

प्रश्न : काम सुरू झालंय, कोटेशनवर सही झालीय. आता काय करता येईल?

उत्तर : आज रात्री बसा आणि अजून न घेतलेल्या वस्तूंची खोलीवार यादी करा. उद्या दुकानातून आकडा आणा. अंदाजी रकमेशी फरक काढा आणि तो कंत्राटदारासमोर ठेवा. भिंतीच्या आतलं काम झालं नसेल, तर त्याचे पैसे आधी बाजूला काढा. उरलेल्या पैशांत बाहेरच्या वस्तू बसवा, नाही बसल्या तर काही पुढच्या वर्षावर टाका. काम अर्ध्यावर असताना केलेली यादीसुद्धा शेवटच्या बिलापेक्षा लवकरच असते.

पुढच्या व्याख्यानात आपण वीजकाम घेणार आहोत : पॉइंट कसे मोजतात, आणि एसी, गीझर, इंडक्शनसाठी वेगळी लाइन का लागते. येताना आपल्या घराचं वीजबिल घेऊन या.